खोट आधी दाखवायची

विसरवाडीच्या चौफुलीवर उतरून सुरतेकडे तोंड करून उभे राहिलात, तर उजव्या हाताला कापडाचं एक जुनं दुकान दिसतं. पाटीवर नाव शांतिलालशेठचं आहे. शेठ जाऊन अकरा वर्षं झाली. दुकान चालतं ते त्यांच्या बायकोच्या, लाडकंवर भाभींच्या जिवावर. त्याच दुकानाच्या ओट्यावर माझं शिलाई मशीन असतं. मी भिला शिंपी. एकतीस वर्षं तिथे बसतोय, त्यामुळे भाभींशी जेवढं मी भांडलोय तेवढं शेठही भांडले नसतील.

भाभी सतराव्या वर्षी राजस्थानातून, पालीकडच्या एका खेड्यातून, लग्न होऊन इथे आल्या. इथली एकही भाषा येत नव्हती. आज बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या बाया आल्या की भाभी त्यांच्याशी मावचीत बोलतात, ट्रकवाल्यांशी गुजरातीत, माझ्याशी अहिराणीत आणि देवाशी मारवाडीत. भांडताना मात्र कुठलीही भाषा चालते.

त्यांची एक सवय चौफुलीवर सगळ्यांना ठाऊक आहे. कापडाचं थान उलगडलं की गिऱ्हाइकाने भाव विचारायच्या आत भाभी त्यातली खोट शोधतात. धागा तुटलेला असेल, रंग उडालेला असेल, छाप सरकलेली असेल, तिथे बोट ठेवतात आणि म्हणतात, "बाई, आठे देख. मंग ले." त्यांचा मुलगा महावीर यावर नेहमी वैतागतो. गिऱ्हाईक पळून जातं, असं त्याचं म्हणणं. मीही एकदा तेच बोललो होतो. भाभी म्हणाल्या, "पयू दे. वापस ई ते आठेच ई." आणि खरंच, येतात.

अशा या बाईने सात वर्षं एक गोष्ट लपवली, आणि ती लपवायला माझ्याच हाताचा उपयोग केला.

महावीर आणि चांदनीची मुलगी जिनल. तिचा डावा पाय जन्मापासून गुडघ्याखाली जाड. रक्ताच्या नळ्या असतात तशा अंगात पाण्याच्याही बारीक नळ्या असतात म्हणे; आईच्या पोटात असतानाच त्या पोटरीत गुंतल्या. पोर वाढली तसा तो गुंताही वाढला. एका डॉक्टरने हत्तीपाय समजून वर्षभर गोळ्या दिल्या, दुसऱ्याने कापू म्हटलं, तिसऱ्याने कापाल तर पुन्हा येईल म्हटलं. बालवाडीतल्या पोरांनी हत्तीपाय हा शब्द कुठून तरी उचलला. त्या दिवशी भाभी माझ्या मशीनपाशी आल्या आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "भिलाभाऊ, असं शिवा का कोनले दिसाले नको."

शिवलं. दोन्ही पाय घेरदार ठेवले, घोट्यापाशी चुण्या, आणि डाव्या बाजूला आतून एक जास्तीची पट्टी. बाहेरून काही कळायचं नाही. बाया येऊन विचारायच्या, ही कुठली नव्या फॅशनची सलवार? मी फुशारून जायचो. आज स्वतःचा राग येतो. एका लहान पोरीला मी तिच्याच पायाची लाज शिवून देत होतो, तीही वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि शाळा उघडताना.

जिनलचा पाय दिसेल असा एकही फोटो त्या घरात नव्हता. माझ्या मापाच्या वहीत मात्र दर खेपेला एक ओळ पडत गेली: जिनल, डावी पोटरी, इतके इंच.

चांदनी ही या घरातली सगळ्यात कमी बोलणारी व्यक्ती. नंदुरबारच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली, लग्नानंतर गल्ल्यावर बसलेली. दुपारी चौफुली सुस्तावली की ती मोबाईल घेऊन बसायची. मला वाटायचं सिरियल बघते. ती बघत होती जिनलचा पाय. असाच पाय, हात, मान असलेल्या मुलांच्या आयांचा तिने एक ग्रुप शोधला होता. तिथे तिला कळलं की नव्या औषधाची माणसांवर चाचणी करायची तर ती आधी सरकारी नोंदणीत लिहावी लागते, आणि ती नोंदणी कोणालाही वाचता येते.

त्याआधी एकदा महावीर फसता फसता राहिला होता. मोबाईलवर जाहिरात आली होती, पंधरा दिवसांत पाय सारखा, आधी पैसे भरा. चांदनीने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "चाचणीत घेणारे आपल्याकडून औषधाचे पैसे मागत नाहीत," ती म्हणाली. "आणि बरं करूच, असंही कोणी सांगत नाही. हे दोन्ही करतायत."

नोंदणीतलं इंग्रजी काही सोपं नसतं. चांदनीने रिकाम्या थानाचे पुठ्ठे घेतले आणि त्यावर एकेक चाचणी उतरवली. पहिली मोठ्या माणसांसाठी होती. दुसरी बंद झाली होती. तिसरी मानेवरच्या गाठीपुरतीच. चौथी सुरतेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, वय सहा ते चौदा, गाठ हातात किंवा पायात, आणि गेल्या काही वर्षांत ती वाढत असली पाहिजे. त्या पुठ्ठ्यावर चांदनीने फोन नंबरभोवती गोल काढला. तीनदा फोन लावला, कोणी उचलला नाही. मग ईमेल लिहिला आणि आठ दिवस कोणाशी धड बोलली नाही. नवव्या दिवशी उत्तर आलं, मुलीला दाखवायला घेऊन या.

भाभी बिथरल्या. "पोरवर प्रयोग? उंदीर शे का ती?"

चांदनी सासूपुढे कधी मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "मम्मीजी, जिनल नऊ वर्षांची झाली. आपण काहीच करत नाही, तोही प्रयोगच आहे की. फक्त कोणी लिहून ठेवत नाही."

मी मशीन थांबवलं. भाभी मला म्हणाल्या, तुम्ही तुमचं काम करा. मी पुन्हा पाय मारायला लागलो, पण सुईत दोरा नव्हता.

महिन्याभराने ते सुरतेला निघाले आणि मलाही नेलं. कारण हॉस्पिटलवाल्यांनी जुने फोटो मागितले होते. पाय वाढत गेला हे दाखवायला काहीतरी हवं होतं, आणि घरात काहीच नव्हतं. चांदनीला माझी वही आठवली.

तिथे डॉक्टरीणबाईंनी वही हातात घेतली, चष्मा वर-खाली केला आणि हसायला लागल्या. सात वर्षांची, वर्षातून दोन अशी, चौदा मापं होती. त्याच पानांवर आमच्या सरपंचांची कंबरही वाढताना दिसत होती. "एमआरआय तर करूच," त्या म्हणाल्या, "पण इतकी व्यवस्थित नोंद मी डॉक्टरांच्या फाईलमध्येही फार वेळा पाहिली नाही." त्यांनी प्रत्येक पानाचा फोटो काढला. त्यानंतर आठवडाभर चौफुलीवर मी कोणाला सरळ उत्तर देत नव्हतो, इतका चढलो होतो.

चाचणीचं सगळं कामकाज प्रतिभा नावाच्या एका मुलीकडे होतं. तिने कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला, मराठीत समजावायला लागली, आणि भाभींच्या तोंडून एक शब्द ऐकून थबकली. तिचे वडील नंदुरबारकडचे, सुरतेत मिलमध्ये आलेले. मग सगळं समजावणं अहिराणीतच झालं.

"अर्ध्या पोरेस्ले दवाई भेटी, अर्ध्यास्ले तशीच दिसनारी दुसरी कॅप्सूल, तिन्हामा दवाई नही, नुसती साधी पूड," प्रतिभा म्हणाली. "जिनलले कोनती भेटनी, ते मलेबी माहीत नही, डॉक्टरलेबी नही. वरीसभर असं. नंतर सगळास्ले दवाई. मधमा कव्हयबी वाटनं ते सोडी द्या, कोनी काही बोलनार नही."

मग तिने जिनलला वेगळं विचारलं. मुलीचा स्वतःचा होकार लागतो, आईबापाची सही पुरत नाही. जिनलने विचारलं, "सुई किती वेळा?"

"बरीच," प्रतिभा म्हणाली. खोटं बोलली नाही, ते मला आवडलं.

जिनलने बोटांवर काहीतरी हिशेब केला. "चालेल. पण गॅदरिंगच्या दिवशी नको."

महावीर-चांदनीने सह्या केल्या. भाभींची एकच अट होती: रोजची कॅप्सूल मी माझ्या हाताने देणार. सगळ्यांना वाटलं, आजीची माया. ती होतीच.

जूनमध्ये बाटली घरी आली. रोज सकाळी एक. महिन्याने तपासणी झाली, रिकामी बाटली परत दिली, नवी आणली. प्रतिभाने विचारलं, रोज घेतली का? भाभी म्हणाल्या, रोज.

पुढच्या आठवड्यात मला हुक हवे होते. दुकानाच्या मागच्या फळीवर माझे बटणांचे डबे असतात, त्यातला एक उघडला, तर आत बटणं नव्हती. निळी-पांढरी टरफलं होती, कॅप्सूलची, दोन-दोन अर्धुकं, सगळी रिकामी.

मला कळायला वेळ लागला नाही. डबा घेऊन तसाच बाहेर आलो. "भाभी, हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

दुकानात त्या वेळी आम्ही दोघंच होतो. भाभींनी डबा पाहिला आणि गादीवर बसल्या. शेजारच्या मेडिकलवाल्याला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हे कव्हर कशाचं असतं. तो म्हणाला, बहुतेक जिलेटिनचं. जिलेटिन म्हणजे? हाडा-कातड्यापासून काढतात ते. घर जैन; इथे कांदा शिरत नाही, सूर्य मावळल्यावर कोणी घास घेत नाही. भाभींनी कॅप्सूल उघडून आतली पूड गुळाच्या पाण्यात कालवली आणि जिनलला पाजली. एकेचाळीस दिवस. टरफल कचऱ्यात टाकलं तर चांदनीला दिसेल, म्हणून डब्यात.

"दवाई ते पोटमा गई ना?" त्या म्हणाल्या. "कव्हर टाकी दिधं. बस."

"तेस्नी सांगेल व्हतं ना, आख्खी गियानी म्हनून! कागदवर लिखेल शे!" मी ओरडलो. कागद वाचून दाखवताना मी तिथेच बसलो होतो. कॅप्सूल आख्खी गिळायची, फोडायची नाही, चावायची नाही. तेव्हा भाभींनी मान हलवली होती.

त्यांचा चेहरा उतरला. चूक केल्याचं त्यांना आता कळलं, आणि मला एकदम भीती वाटली. कळलं तर जिनलचं नाव कापतील. सात वर्षांत पहिल्यांदा त्या पोरीला कुठेतरी जागा मिळाली होती, आणि ती माझ्या बटणांच्या डब्यापायी जाणार. म्हणून मी जे बोललो ते इथे लिहितो, कारण लिहायलाच हवं. मी म्हणालो, "कोनले काय सांगाव? डबा फेका. आजपासून आख्खी द्या. कोनले कळस?"

भाभींनी डब्याला झाकण लावलं. मग म्हणाल्या, "भिलाभाऊ, ती दवाई उद्या दुसरास्ना पोरेस्ले देतीन. ते आमनी जिनलवर मोजतीन. खोट मन्हा थानमा, आनी कपडा सगळास्ना फाटी."

एकतीस वर्षं ओट्यावर बसून मी ती बाई खोट दाखवताना पाहिली, आणि वेळ आली तेव्हा तिलाच झाकायला सांगत होतो.

संध्याकाळी भाभींनी घरात सगळ्यांना सांगितलं. महावीर उठून बाहेर गेला. चांदनी रडली, रागावली नाही, आणि ते भाभींना जास्त लागलं. जिनलला सगळं माहीत होतं. तिच्या दादीसाने, म्हणजे भाभींनीच, सांगू नको म्हटलं म्हणून ती बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सुरत बसमध्ये भाभी, चांदनी, जिनल आणि मी. मला कोणी बोलावलं नव्हतं.

प्रतिभाच्या टेबलावर भाभींनी डबा ठेवला आणि उघडला. "एकेचाळीस शेतस. मोजी ल्या." मग हात जोडले आणि संवत्सरीला वर्षभराच्या चुकांची माफी मागताना म्हणतात तसं म्हणाल्या, "खमतखामणा." दरवर्षी त्या माझ्या मशीनपुढेही असेच हात जोडतात, आणि मी दरवर्षी चेष्टा करतो, भाभी, यंदा कसाबद्दल? त्या दिवशी चेष्टा सुचली नाही.

प्रतिभा खूप वेळ लिहीत होती. डॉक्टरीणबाई आल्या. त्या रागावल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. फोडलेलं औषध किती अंगी लागलं ते सांगता येत नाही, म्हणाल्या. या औषधाने तोंडाला फोड येऊ शकतात, ते आलेत का पाहिलं, रक्त तपासलं. जिनलने हात पुढे केला आणि तोंड फिरवून माझ्याकडे बघत राहिली. चाचणी नीट चालली आहे ना हे बघणारी एक समिती असते, तिच्यापुढे हे जाईल. तोपर्यंत कॅप्सूल बंद. जिनल राहील की नाही, ते आज सांगता येणार नाही.

चांदनीने विचारलं, "आम्ही सांगितलं नसतं तर?"

"तर आम्हाला कळलं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि आम्ही चुकीचं शिकलो असतो."

उठता उठता भाभींनी प्रतिभाला विचारलं, हे कव्हर नक्की कशाचं आहे, ते कंपनीकडून कळेल का. प्रतिभा म्हणाली, विचारते.

परतीच्या बसमध्ये जिनल आईच्या मांडीवर झोपली. भाभी खिडकीबाहेर बघत होत्या. नवापूर मागे पडलं तेव्हा मला म्हणाल्या, "कव्हर हाडकानं ऱ्हायनं तरी जिनल आख्खी गियी. नेम मन्हा शे, पोरना नही." आणि त्या दिवसापासून त्यांनी एकासणं धरलं. दिवसातून एकदाच जेवायचं, एकाच बैठकीत, जिनलचं औषध चालेल तोपर्यंत. औषध चालेल की नाही हेच माहीत नव्हतं, तरी.

बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मी दोन ब्लाउज उलट्या बाजूने शिवले. भाभींच्या हातचा चहा इतका गोड झाला की पिववेना. साखर दोनदा घालत होत्या. चांदनी फोन हातातून ठेवत नव्हती. तेराव्या दिवशी दुपारी फोन वाजला आणि तिने तो स्पीकरवर टाकला.

जिनल चाचणीत राहणार होती. चूक घरच्यांनी स्वतः येऊन, दिवस मोजून सांगितली, म्हणून समितीने तिला ठेवलं. ते एकेचाळीस दिवस तसे लिहून ठेवले जातील. पुढे मात्र आख्खी कॅप्सूल, आणि शंका आली की आधी फोन. चांदनीने भाभींचा हात धरला. भाभींनी सोडवून घेतला नाही.

"आजून एक," प्रतिभा म्हणाली. "कंपनीनं कळायं. कव्हर जिलेटिननं नही शे. झाडपाल्यानं शे. पह्यलेपासूनच."

मला हसू फुटलं ते थेट नाकातून चहा आला. चांदनी हसली, जिनल हसली, आणि शेवटी भाभी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर मी म्हटलं, "आते ते सोडा एकासणं. कव्हर ते झाडपाल्यानं निंघनं."

"ते कव्हरनं नव्हतंच," भाभी म्हणाल्या. "प्रतिभाले पह्यले इचारं नही, त्यानं शे."

पुढच्या वर्षी शाळा उघडायच्या आधी जिनल माझ्यापुढे स्टुलावर उभी राहिली. चाचणीचं वर्ष नुकतंच संपलं होतं. तिला वर्षभर खरं औषध मिळालं की नुसती पूड, ते अजून उघड झालेलं नव्हतं, आजही नाही. मी टेप पोटरीला गुंडाळली. मागच्या जूनला पावणेसोळा इंच होतं, दिवाळीलाही तेवढंच. आता पंधरा. टेप ताणली गेली असेल म्हणून दुसरी आणली. पंधरा. तिसऱ्यांदा भाभींनी स्वतः टेप धरली. इतक्या वर्षांत त्या वहीतला आकडा कधी उलटा आला नव्हता.

"लिखा," भाभी म्हणाल्या. मी लिहिलं.

मग सवयीने घेरदार सलवारचा कागदी नमुना काढला. भाभींनी तो बाजूला ठेवला. वरच्या फळीवरून आभाळी रंगाचं, बारीक फुलांचं एक थान ओढलं, उलगडलं, आधी त्यातली खोट शोधली, जिनलला दाखवली आणि मला म्हणाल्या, "फ्रॉक शिवा. गुडघालगून."

"भाभी, पाय दिसी."

"दिसू दे. सुरतले सगळास्नी देखा. आठला लोकेस्नी काय घोडं मारं?"

जिनल आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग स्टुलावरून उतरली आणि म्हणाली, "खिसा पण हवा." त्याच दुपारी शिवला, खिशासकट. घालून ती रस्ता ओलांडून पलीकडे वही आणायला गेली. एसटीची वाट बघणाऱ्या दोन बाया तिच्या पायाकडे बघायला लागल्या. एकीने विचारलंच, पोरी, हे काय झालं? मी मशीन थांबवलं. आता पोर रडत परत येणार असं मला वाटलं.

"जन्मापासून आहे," जिनलने मोठ्याने सांगितलं, चौफुलीवर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "सुरतेला औषध चालू आहे. थोडं उतरलंय. कशाने उतरलं ते अजून कळलं नाही."

भाभी गादीवर थान गुंडाळत होत्या. त्यांचे हात थांबले. पोर वही घेऊन परत आली. मग गुंडाळलेलं थान त्यांनी पुन्हा उलगडलं, हाताने मापून पाहिलं आणि मला विचारलं, "भिलाभाऊ, यामा आजून एक निंघी का?"